रुमाल टाकू नये

आमच्या वाचनालयाच्या भिंतीवर नियमांचा जो बोर्ड आहे ना, तो मी लिहिलाय. आधीच सांगून टाकतो, कारण लालबागमध्ये ही गोष्ट आता लपवण्यासारखी राहिलेली नाही. परवा चहा प्यायला गेलो तर टपरीवाला विचारतो, "उभ्याने पिणार की बसून? नियम काय बोलतो?"

वाचनालय म्हणजे लोकरंजन मोफत वाचनालय. चिवडा गल्लीच्या मागे, पहिला माळा. खाली पिठाची गिरणी, त्यामुळे आमच्याकडे कुठलंही पुस्तक उघडण्याआधी झटकावं लागतं. गेल्या वर्षी, इथेच अभ्यास करून मोठ्या झालेल्या एका माणसाने दोन कॉम्प्युटर दिले. कॅमेरा-बिमेरा लावलेले, इंटरनेटसकट. उद्घाटनाला अध्यक्षांच्या हातात नारळ होता आणि तो ते सीपीयूवरच वाढवायला निघाले होते. मी मधे पडून हात धरला. "ह्याला यंत्रातले कळते" असं बोलून त्यांनी तिथल्या तिथे माझी नेमणूक केली. संगणक उपसमिती. सदस्य एक. मीच.

आता मला यंत्रातलं किती कळतं, ते पण सांगतो. बारावीनंतर कॉलेज सुटलं. बाकी सगळं व्हिडिओ बघून शिकलो. सॉफ्टवेअर टेस्टिंग. म्हणजे दुसऱ्याने बनवलेली गोष्ट नेमकी कुठे मोडते ते शोधायचं. आई बोलते, हा गुण तुझ्यात लहानपणापासून होता, फक्त त्याला पगार असतो हे माहीत नव्हतं. घरी शिकायला जागा म्हणजे शिलाई मशीन आणि कपाट यांच्या मधली फट, आणि हातात काच फुटलेला मोबाइल. त्यामुळे हे दोन कॉम्प्युटर लोकांसाठी सोय असतील, माझ्यासाठी ते सगळंच होते. ते गेले की माझी नोकरीची गोष्ट संपली.

आणि ते जाऊ शकत होते. अध्यक्ष म्हणजे श्यामकांत गुप्ते. शिवाजी पार्कला राहतात, बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर झालेत. बोलतात असं की वाक्य संपलं की खाली सही असेल असं वाटतं. दर रविवारी येतात. पहिल्याच रविवारी मला बोलले, "हितेंद्र, दात्याची अट आहे. यंत्रांचा नीट वापर झाला नाही तर ती दुसऱ्या संस्थेकडे जातील. एक जरी भांडण माझ्या कानावर आले, तर दोन्ही यंत्रे कपाटात. नियम करा."

मी केले. पांढरा बोर्ड, काळा ऑइलपेंट. एक: हात धुऊन बसावे. कारण आजूबाजूला सगळा चिवडा, आणि कीबोर्डवरचं 'क' हे अक्षर पहिल्याच आठवड्यात तेलाने चमकायला लागलेलं. दोन: प्रत्येकास अर्धा तास. बस. एवढंच होतं. लीलाताई, आमच्या ग्रंथपाल, बोर्ड बघून बोलल्या, "अक्षर छान आहे हो तुझं." माझं वाटोळं त्या एका वाक्याने झालं. अक्षर छान आहे कळल्यावर माणूस दोन नियमांवर थांबत नाही.

आता रुमाल.

आमच्या हॉलमध्ये रुमालाची पद्धत माझ्या जन्माच्या आधीपासूनची. पेपर वाचताना चहाची तलफ आली की माणूस खुर्चीवर रुमाल टाकतो आणि खाली जातो. परत येईपर्यंत खुर्ची त्याची. मला हे बघून बघून सवय होती, पण कॉम्प्युटर आल्यावर ते एकदम मागासलेलं वाटायला लागलं. उपसमिती झाल्यावर बऱ्याच गोष्टी मागासलेल्या वाटतात.

जयवंतकाका परब रोज सकाळी पहिला नंबर लावायचे. गिरणीत होते, आता पेन्शनर. त्यांना मीच सॅटेलाइटचा नकाशा उघडून दिला होता आणि मालवणजवळचं त्यांचं गावचं घर दाखवलं होतं. तेव्हापासून ते दुसरं काही बघायचेच नाहीत. भावाने हद्दीत गोठा बांधलाय असा त्यांना डाऊट होता, म्हणून पाळत.

"दोन दिस बगतंय," मला बोलले, "बंधू अंगणातसून हललो नाय."

"काका, तो जुना फोटो आहे. लाइव्ह नसतं ते. आणि ते तुमचे बंधू नाहीत, माड आहे बहुतेक."

"माजो भाव माका वळखाक येवचो नाय?"

एका सकाळी मी माझा नंबर म्हणून गेलो तर कीबोर्डवर काकांचा निळ्या चौकड्यांचा रुमाल. स्क्रीनवर गाव. खुर्ची रिकामी. मी रुमाल उचलला, खिडकीत टाकला आणि बसलो. काका वर आले. रुमालाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कोणी उचललो?"

"काका, सिस्टीम असते एक. माणूस नसेल तर मशीन अडवता येत नाही."

"मी चाय पिऊक गेललंय. मरूक नाय गेललंय."

हॉलमधले सगळे पेपर एकदम खाली आले. पेपरच्या मागे एवढी माणसं असतात हे मला त्या दिवशी कळलं. निम्मे काकांच्या बाजूने, निम्मे नुसते बोलायला मिळालं म्हणून. शेवटी लीलाताई बोलल्या, "अध्यक्षांपर्यंत जाऊ देऊ नका रे," आणि सगळे गप्प झाले. मी मात्र घरून ब्रश घेऊन आलो. नियम तीन: रुमाल टाकून जागा अडवू नये.

दुसऱ्या दिवशी रुमाल नव्हता. छत्री होती. त्याच्या दुसऱ्या दिवशी चष्म्याचं घर. मग एक स्टीलचा डबा. लीलाताईंनी कोणाचा ते बघायला झाकण उघडलं, तर आत कवळी. मालक खालून आरामात चहा पिऊन आले. "रुमाल नाहीये ना तो?" तोंडात कवळी नसल्यामुळे हे कळायला आम्हाला वेळ लागला, पण मुद्दा बरोबर होता. म्हणून नियम तीनमध्ये दुरुस्ती: कोणतीही वस्तू ठेवून.

मग लोक स्वतःच खुर्चीत बसून झोपायला लागले. वस्तू नाही, माणूस आहे. म्हणून नियम चार: जागे राहावे. हा नियम पेपर वाचणाऱ्यांनी स्वतःवर ओढून घेतला आणि नाराज झाले, कारण दुपारी आमच्याकडे पेपर हा मुख्यतः तोंडावर घ्यायला वापरतात.

पाचवा नियम सल्ल्याचा. एक जण ऑनलाइन फॉर्म भरायला बसला की मागे बाकीचे उभे. "तिकडे नाही, खाली दाब." "जात पडताळणी जोडली का?" "माझ्या भाच्याने असंच भरलं, रिजेक्ट झालं." मी लिहिलं: मागे उभे राहून सल्ला देऊ नये. गुप्तेसरांनी रविवारी ते वाचून भुवई उचलली. "सल्ला देणे हा वाचनालयाचा उद्देशच आहे, हितेंद्र." मग आम्ही 'मागे उभे राहून' यावर जोर द्यायचा असं ठरलं, आणि लोक बाजूला उभे राहायला लागले.

सहावा नियम: संगणकावरून बोलू नये. कारण एका काकूंनी दुबईतल्या मुलीला व्हिडिओ कॉल लावला आणि अख्ख्या हॉलने तिला बाळंतपणाचे उपाय सांगितले.

सातवा अक्षदामुळे. अक्षदा आमच्याच चाळीतली. बँकेच्या परीक्षांचा अभ्यास करते. तिची सराव परीक्षा असते तासाची आणि माझा नियम अर्ध्या तासाचा. तिने काय केलं, ज्यांना कॉम्प्युटर लागत नाही अशा दोन-तीन आजोबांना नंबर लावायला सांगितला आणि त्यांचे अर्धे तास स्वतः वापरले. बदल्यात त्यांना सिनेमाची परीक्षणं मोठ्याने वाचून दाखवायची. मला ते सिस्टीममधलं भोक वाटलं. टेस्टर माणूस, भोक दिसलं की राहवत नाही. नियम सात: आपली पाळी दुसऱ्यास देऊ नये.

"हितू, तुला रात्री झोप कशी लागते रे?" अक्षदा बोर्डासमोर उभी राहून बोलली.

"नियमाने."

तेव्हा मला हे उत्तर फार भारी वाटलं होतं.

आणि मग मेल आला.

एका कंपनीने मला टेस्टिंगच्या ट्रेनी पोस्टसाठी इंटरव्ह्यूला बोलावलं होतं. डिग्री नसताना. मी मेल पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्या कोणाचा असेल म्हणून. गुरुवारी सकाळी अकरा. व्हिडिओवर. तासभर. मोबाइल चालणार नाही, कॉम्प्युटरच हवा. मी नाचत वाचनालयात गेलो, जिना चढलो आणि समोर बोर्ड.

तासभर? नियम दोन. बोलायचं? नियम सहा. कोणाची पाळी मागून घ्यायची? नियम सात. मी बोर्डाकडे बघत होतो. अक्षर खरंच छान होतं.

गुप्तेसरांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"अभिनंदन," ते बोलले. "नियम कोणी लिहिले?"

"मीच, सर."

"मग लेखी दुरुस्ती सुचवा. समितीची बैठक पहिल्या रविवारी असते."

"इंटरव्ह्यू गुरुवारी आहे, सर."

"अध्यक्षाने नियम मोडला तर नियम राहत नाही, हितेंद्र. हे मी तुम्हाला नोकरीसाठी शुभेच्छा देऊन सांगतो आहे."

मग मी अक्षदाकडे गेलो. हळूच विचारलं, गुरुवारी तुझा अर्धा तास देशील का? ती किती तरी वेळ हसली. हसणं आवरल्यावर एवढंच बोलली, "नियम सात," आणि पुस्तक उघडलं. सायबर कॅफेचा विचार केला, पण आमच्याकडचा शेवटचा कॅफे बंद होऊन तिथे आता मोमो मिळतात. घरी आई बोलली, "टॉवेल जागेवर ठेवता येत नाही आणि गावाला नियम लावतो."

बुधवारी मी वाचनालयात नुसता बसून होतो. जयवंतकाका शेजारी येऊन बसले. रुमालाच्या मॅटरनंतर ते माझ्याशी बोलत नव्हते.

"काय झाला?"

सांगितलं.

"मगे?" ते बोलले. एवढंच. उठले आणि चहाला गेले. मला वाटलं, झालं, ह्यांनी पण सूड घेतला.

गुरुवारी बाबांचा इस्त्रीचा शर्ट घालून मी जरा आधीच पोचलो. ठरवलं होतं, माझ्या अर्ध्या तासात जेवढं होईल तेवढं कुजबुजून बोलायचं. वर जाऊन बघतो तर दोन्ही कॉम्प्युटरच्या खुर्च्यांवर रुमाल. समोरच्या बाकावर रुमाल. मागच्या ओळीत रुमाल, एक टोपी, आणि तो स्टीलचा डबा.

माझं डोकंच फिरलं. "आजच्या दिवशी पण? एक दिवस माझ्यासाठी नियम पाळला असतात तर काय बिघडलं असतं?"

"गप रव," काका बोलले. "तुजीच खुर्ची आसा ती."

अक्षदा उभी राहिली. "पहिला अर्धा तास तुझा, पुढचा काकांचा. पलीकडची खुर्ची माझी, तिथून आवाज नको म्हणून अडवलीय. मागची रांग पण रिकामी राहणार, म्हणजे कोणी तुझ्या मागून सल्ला देणार नाही. तुझे तीन नियम मोडलेत, एक पाळलाय. लिंक उघडून ठेवलीय. बस."

मी काकांकडे वळलो. "काका, तुम्ही माझ्यासाठी..."

"तुज्यासाठी नाय. रुमालासाठी."

मी बसणार तेवढ्यात जिन्यावर बुटांचा आवाज आला. गुरुवार असून गुप्तेसर. सगळ्यांनी लीलाताईंकडे बघितलं. लीलाताई रडवेल्या झाल्या. "अध्यक्षांना न सांगता कसं करायचं? मी फक्त कळवलं."

सरांनी रुमाल बघितले. बोर्ड बघितला. पुन्हा रुमाल बघितले. मला कपाटाचं दार दिसायला लागलं, आणि त्याच्या आत दोन कॉम्प्युटर.

"तातडीची सभा घेता येते," ते शेवटी बोलले. "मी, लीलाताई आणि संगणक उपसमिती. गणपूर्ती होते. विषय हितेंद्र यांचा असल्यामुळे त्यांनी चर्चेच्या वेळी बाहेर थांबावे."

"सर, अकरा वाजतायत."

"म्हणूनच लवकर बाहेर जा."

मी जिन्यात उभा राहिलो. खालून गिरणीचं पीठ उडत होतं आणि काळ्या शर्टवर बसत होतं. खिडकी उघडी होती, आतलं सगळं ऐकू येत होतं. आणि मग तो टुंग आवाज आला. लिंक तर अक्षदाने चालूच ठेवली होती.

"हॅलो, गुड मॉर्निंग. हितेंद्र आहेत का?" बाईचा आवाज.

"आपण कोण?" गुप्तेसर.

"मी इरावती. त्यांचा इंटरव्ह्यू आहे माझ्यासोबत."

"ते सभेच्या बाहेर आहेत. आपण या वाचनालयाच्या सभासद आहात का?"

"नाही."

"मग आपल्याला मत देता येणार नाही. ऐकायला हरकत नाही."

मी जिन्यात खालीच बसलो. उभं राहण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"बाय, तू खयची?" हा जयवंतकाकांचा आवाज.

"मी? पार्ल्याची. आजोळ देवगडचं."

"मगे मत देऊक काय हरकत आसा?"

त्यावर चर्चा झाली. मग काकांनी ठराव मांडला की रुमाल पूर्वीसारखा चालू करावा आणि पाळी देता यावी. अक्षदाने अनुमोदन दिलं. डबेवाल्या आजोबांनी उपसूचना मांडली की डब्याला रुमालाचा दर्जा मिळावा. ती फेटाळली. त्यांनी निषेध नोंदवायला सांगितला. लीलाताईंनी नोंदवला. माझं करिअर एकीकडे कनेक्ट होऊन बसलं होतं आणि आत कवळीवर मतदान चालू होतं.

"हितेंद्र, आत या," सर बोलले. "आज एक तास. बोलण्यास परवानगी."

मी खुर्चीवर बसलो. स्क्रीनवर चष्मा लावलेल्या एक मॅडम. त्या हसत नव्हत्या, पण ओठ दाबून धरले होते.

"सॉरी मॅडम, खूपच सॉरी, जरा इथे..."

"राहू दे. तुमच्या शर्टला काय लागलंय?"

"पीठ, मॅडम."

"बरं. तो बोर्ड दाखवता का मला? मघापासून त्याच्याबद्दलच ऐकतेय."

मी कॅमेरा फिरवला. त्यांनी पहिल्यापासून वाचला. मग एकेका नियमाचं विचारायला लागल्या. हा का लिहिला? मग लोकांनी काय केलं? मग तुम्ही काय केलंत? मी सांगत गेलो. इंग्लिशमध्ये सुरू केलेलं, कवळीपर्यंत आलो तेव्हा मराठीत होतो. मागची रांग रिकामी होती म्हणून लोक बाजूला उभे राहून भर घालत होते.

"आता सांगा," मॅडम बोलल्या, "चूक नक्की कुठे होती?"

पाठ केलेली सगळी उत्तरं माझ्याकडे होती. त्यातलं एकही लागू नव्हतं. पलीकडच्या खुर्चीच्या पाठीवर काकांचा निळ्या चौकड्यांचा रुमाल होता. मी त्याच्याकडे बघितलं.

"मॅडम, रुमालाला आधीपासून नियम होता. कुठे लिहिला नव्हता एवढंच. रुमाल एका चहापुरता चालायचा. चहापेक्षा जास्त वेळ झाला तर कोणीही उचलायचा, पण घडी करून खिडकीत ठेवायचा. मग कोणाला राग यायचा नाही. मी काकांचा रुमाल उचलला तेव्हा चहाएवढा पण वेळ झाला नव्हता. आणि मी घडी केली नाही. बोळा करून टाकला. भांडण त्याचं होतं. पुढचे सगळे नियम मी त्या बोळ्यावर लिहीत गेलो."

 

"आता बोललो ह्यो," काका बाजूला उभे राहून बोलले. कोणाला तरी, मला नाही.

त्यानंतर मॅडमनी टेस्टिंगचं बरंच विचारलं, त्यातलं निम्मं मला आलं. शेवटी विचारलं, "मला काही विचारायचंय?" मी काही बोलायच्या आत डबेवाले आजोबा बोलले, "पगार विचार रे." कॉल संपला.

सोमवारी मेल आला. ट्रेनी, सहा महिने, मग बघू. आई देवासमोर दिवा लावून आली आणि टॉवेलबद्दल बोलली नाही, यावरून समजा.

बोर्ड मी पुन्हा पांढरा केला. आता चार नियम आहेत. हात धुऊन बसावे. प्रत्येकास अर्धा तास. परीक्षा किंवा मुलाखत असल्यास पाळी देता-घेता येईल. रुमाल एका चहापुरता. हे झाल्यावर गुप्तेसर बोर्डासमोर उभे राहिले, ब्रश मागितला आणि चौथ्याच्या पुढे स्वतःच्या हाताने लिहिलं: उचलल्यास घडी करावी. त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. हे मी सहन केलं. कॉम्प्युटर बाहेरच आहेत. अक्षदाची मुख्य परीक्षा पुढच्या महिन्यात आहे, आणि तिच्यासाठी आजोबा लोक सकाळपासून रुमाल घेऊन तयार असतात. काकांना मी गावी व्हिडिओ कॉल लावून दिला. भावाने गोठा बांधलेला नाही. माड मात्र माडच निघाला, त्यावर काका अजून शंका घेतात.

ऑफिसला जायच्या आदल्या दिवशी काकांनी तो निळ्या चौकड्यांचा रुमाल धुऊन माझ्या हातात दिला. ऑफिस लोअर परळला, जुन्या गिरणीच्या कंपाउंडात. "तकडे बसाक जागा गावता काय बग," ते बोलले. "आमका तर कदी गावली नाय. उब्यानच दिस काडले."

तिथे गेलो तर कोणाचीच जागा ठरलेली नाही. जो येईल तो मिळेल तिथे लॅपटॉप लावून बसतो. मोठी नवी सिस्टीम आहे म्हणे. खिडकीजवळची एक खुर्ची रिकामी होती. मी इकडे तिकडे बघितलं, खुर्चीवर रुमाल टाकला आणि चहा आणायला गेलो.

चहाचं मशीन बटणांचं होतं. कुठलंही दाबलं तरी सूपच येत होतं. त्यात बराच वेळ गेला. शेवटी टेस्टर आहे म्हणून सगळी बटणं दाबून बघितली आणि चहा मिळवला. परत आलो तर खुर्चीवर माझ्याच वयाचा एक पोरगा बसलेला, कानात हेडफोन. पहिलाच दिवस, ह्याला काय बोलायचं?

त्याने एका कानातला हेडफोन काढला. "चहाला लय वेळ लावलास, भाई," बोलला, आणि खिडकीकडे बोट केलं.

खिडकीत माझा रुमाल होता. चौकोनी घडी घातलेला.